परिचालन प्रणालींविषयीचे वाद

संगणकाची यंत्रसामग्री आणि तिच्यावर चालणाऱ्या उपयोजनाच्या आज्ञावल्या यांच्यामध्ये राहून स्मृती, प्रक्रियक, चकत्या, कळफलक, मुद्रक इ. साधनांची वाटणी व नियंत्रण करणाऱ्या आज्ञावलीसमूहाला परिचालन प्रणाली म्हणतात. प्रत्येक उपयोजन एका विशिष्ट परिचालन प्रणालीकडे सेवा मागेल अशा रीतीने लिहिलेले असते, आणि ती प्रणाली बहुधा एका विशिष्ट प्रक्रियकाच्या आज्ञासंचात बांधलेली असते. त्यामुळे संगणकाची निवड एका खरेदीपुरती मर्यादित राहत नाही. त्या निवडीबरोबर पुढील अनेक वर्षांच्या आज्ञावल्या, साठविलेली माहिती आणि माणसांना दिलेले प्रशिक्षणही एका बाजूला बांधले जाते. कोणती प्रणाली व कोणते यंत्र श्रेष्ठ, याविषयी संगणकाच्या इतिहासात झालेल्या तीव्र वादांचे मूळ या बांधिलकीत आहे.

हे वाद पुष्कळदा तांत्रिक चर्चेची मर्यादा ओलांडून पंथाभिमानाच्या पातळीवर गेले. इटालियन लेखक व चिन्हमीमांसक उंबेर्तो एको यांनी १९९४ मध्ये एका सदरलेखात मॅकिंटॉशच्या वापरकर्त्यांची तुलना कॅथलिकांशी आणि डॉसच्या वापरकर्त्यांची तुलना प्रॉटेस्टंटांशी केली होती. तुलना विनोदी असली, तरी तिच्यामागील निरीक्षण खरे होते. ज्या यंत्रावर माणसाचे सारे काम अवलंबून असते, त्याची निंदा त्याला स्वतःच्या निर्णयाची निंदा वाटते. तथापि या वादांकडे केवळ आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून पाहिल्यास त्यांतील महत्त्वाचा भाग नजरेआड होतो. वाद चालत ते गुणवत्तेविषयी, परंतु त्यांचे निकाल प्रायः संचित आज्ञावल्या, किंमत आणि हक्क या तीन गोष्टींनी लागले, असे इतिहासावरून दिसते.

पूर्वपीठिका : १९६० च्या सुमारास एकाच उत्पादकाची दोन यंत्रेही परस्परांशी सुसंगत नसत. लहान यंत्र अपुरे पडू लागले म्हणजे मोठे घेणाऱ्या ग्राहकाला आपल्या आज्ञावल्या नव्याने लिहून घ्याव्या लागत. आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी ‘सिस्टिम ३६०’ ही संगणकमाला जाहीर करून ही अडचण दूर करण्याचा प्रयत्न केला. तीतील लहानमोठ्या यंत्रांचा आज्ञासंच एकच होता. या मालेसाठी योजिलेली ‘ओएस ३६०’ ही परिचालन प्रणाली तयार होण्यास फार विलंब लागला. त्या प्रकल्पाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी त्या अनुभवावर १९७५ मध्ये लिहिलेला ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हा ग्रंथ आज्ञावली अभियांत्रिकीत प्रमाणभूत मानला जातो. मालेला मात्र मोठे यश मिळाले. यंत्र बदलले तरी आज्ञावली टिकली पाहिजे, ही ग्राहकाची मूलभूत गरज तिने प्रथमच व्यापक प्रमाणावर भागविली. याच सुसंगतीमुळे ग्राहक एका उत्पादकाशी बांधलाही गेला. त्यामुळे जीन ॲम्डाल यांच्यासारख्या प्रतिस्पर्ध्यांनी १९७५ पासून आयबीएमच्याच आज्ञावल्या चालविणारी यंत्रे बाजारात आणली.

याच प्रश्नाला दुसरे उत्तर बेल प्रयोगशाळेत मिळाले. केन टॉम्पसन यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ या लहान यंत्रावर यूनिक्स प्रणालीची सुरुवात केली. डेनिस रिची यांनी सी ही भाषा निर्माण केल्यावर १९७३ मध्ये यूनिक्सचा गाभा त्या भाषेत पुन्हा लिहिण्यात आला. तोपर्यंत परिचालन प्रणाली साधारणपणे त्या त्या यंत्राच्या जुळणी भाषेत लिहीत. उच्च स्तरीय भाषेत लिहिलेली प्रणाली तुलनेने थोड्या बदलांनी दुसऱ्या यंत्रावर नेता येते, हे १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंटरडेटा यंत्रांवरील प्रयोगांनी सिद्ध केले. १९५६ च्या न्यायालयीन संमतिपत्रामुळे बेल प्रयोगशाळेची मालक एटी अँड टी कंपनी हिला संगणकाचा व्यवसाय करता येत नव्हता. म्हणून यूनिक्स विद्यापीठांना अल्प शुल्कात, माणसाला वाचता येईल अशा मूळ मजकुरासह देण्यात आली. अशा रीतीने एक यंत्रकुल व त्याची प्रणाली हा एक मार्ग आणि कोणत्याही यंत्रावर नेता येणारी प्रणाली हा दुसरा मार्ग, असे दोन पक्ष तयार झाले. पुढील बहुतेक वाद या दोहोंच्या दरम्यान झाले.

सूक्ष्मसंगणकांवरील निवड : सूक्ष्मप्रक्रियकांच्या प्रसारानंतर हा प्रश्न सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या सीपी/एम प्रणालीत यंत्रविशिष्ट भाग वेगळा काढलेला होता. म्हणून इंटेल ८०८० व झायलॉग झेड-८० या प्रक्रियकांवर आधारलेल्या नाना उत्पादकांच्या यंत्रांवर ती चालू शकली आणि तिच्यासाठी मोठे आज्ञावलीभांडार तयार झाले.

यानंतर सोळा बिटांच्या प्रक्रियकांची पिढी आली. इंटेलचा ८०८६ हा प्रक्रियक १९७८ मध्ये व मोटोरोलाचा ६८००० हा १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोटोरोलाच्या प्रक्रियकातील नोंदके ३२ बिटांची होती आणि तो १६ मेगाबाइट स्मृती सलगपणे हाताळू शकत असे. इंटेलच्या प्रक्रियकाला एक मेगाबाइट स्मृती, तीही ६४ किलोबाइटच्या खंडांत विभागून वापरावी लागे. रचनेच्या दृष्टीने मोटोरोलाचा प्रक्रियक अधिक सुबक आहे, असे अनेक अभियंत्यांचे मत होते. तथापि १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएमच्या व्यक्तिगत संगणकात ८०८६ चे ८०८८ हे स्वस्त रूप वापरण्यात आले. त्याची बाह्य मार्गिका आठ बिटांची असल्यामुळे त्याला प्रचलित व स्वस्त साहाय्यक भाग जोडता येत. शिवाय ८०८० साठी लिहिलेल्या आज्ञावल्यांचे नव्या आज्ञासंचात बऱ्याच अंशी यांत्रिक रीतीने रूपांतर करता येत असे.

याच यंत्राच्या निमित्ताने प्रणालींचीही स्पर्धा झाली. त्यासाठी तीन परिचालन प्रणाली जाहीर झाल्या होत्या, पण पीसी डॉसची किंमत ४० डॉलर होती आणि काही महिन्यांनी आलेल्या सीपी/एम-८६ ची २४० डॉलर. मायक्रोसॉफ्टने डॉसचा पाया असलेली ‘८६-डॉस’ ही टिम पॅटरसन यांची प्रणाली सिॲटल कॉम्प्यूटर प्रॉडक्ट्स या लहान कंपनीकडून विकत घेतली होती. आयबीएमशी करार करताना ती इतर उत्पादकांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला. कॉम्पॅक व अन्य कंपन्यांनी आयबीएमशी सुसंगत यंत्रे बनविताच या हक्काचे मोल स्पष्ट झाले. ‘सिस्टिम ३६०’ च्या काळात यंत्राचा निर्माता सर्वाधिकारी होता. आता यंत्र कोणीही बनवू लागला आणि स्थिर बिंदू राहिला तो प्रक्रियक व परिचालन प्रणाली यांचा. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ ही यंत्रे व ओएस/२ ही प्रणाली आणून गेलेले नियंत्रण परत मिळविण्याचा प्रयत्न केला. ओएस/२ च्या नंतरच्या आवृत्त्या तांत्रिक दृष्ट्या प्रगत होत्या, परंतु हा प्रयत्न फसला. आयबीएम ज्या यंत्राची जनक होती, त्याच यंत्राच्या बाजारात तिला इतरांच्या मागून जावे लागले.

मॅकिंटॉश आणि विंडोज : ॲपल कंपनीने २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश संगणक सादर केला. त्यात मोटोरोला ६८००० प्रक्रियक आणि १२८ किलोबाइट स्मृती होती. त्याची किंमत २,४९५ डॉलर होती. पडद्यावरील चौकटी, चित्रचिन्हे व माऊस यांच्या साहाय्याने काम करण्याची कल्पना झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ पासूनच्या आल्टो या यंत्रावर विकसित झाली होती. मॅकिंटॉशने ती सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणण्याचा प्रयत्न केला. येथून सुरू झालेला वाद दीर्घकाळ टिकला. मॅकिंटॉशच्या पक्षाचे म्हणणे असे, की यंत्र माणसाने शिकावयाचे नसून यंत्राने माणसाला समजून घ्यावयाचे असते, आणि यंत्र व प्रणाली एकाच हाताने घडविल्याशिवाय असा मेळ साधत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे असे, की बंदिस्त यंत्र महाग पडते, त्याला मनाजोगती जोड देता येत नाही, आणि आज्ञा टंकित करणाऱ्या जाणकाराला चित्रांची आवश्यकता नाही.

पहिल्या मुद्द्यावर मॅकिंटॉशचा पक्ष निर्विवादपणे जिंकला. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती काढली आणि मे १९९० मधील तिसऱ्या आवृत्तीपासून चौकटींची पद्धत डॉसच्या यंत्रांवर रूढ झाली. ॲपलने १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर स्वामित्वहक्काचा दावा लावला, पण १९९४ मध्ये अपील न्यायालयातही त्याचा निकाल ॲपलच्या विरुद्ध गेला. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ नंतर दोन्ही यंत्रांच्या वापरातील अंतर पुष्कळच कमी झाले. ज्या पद्धतीची काहींनी खेळणे म्हणून हेटाळणी केली होती, तीच सर्वमान्य झाली. पण त्यामुळे ग्राहक मॅकिंटॉशकडे वळले नाहीत. त्यांच्या आज्ञावल्या व कागदपत्रे जेथे होती, तेथेच ते राहिले आणि नवी पद्धत त्यांच्याकडे चालत आली. तत्त्व जिंकले आणि यंत्र हरले, असा हा निकाल होता.

यूनिक्समधील फूट : एका पक्षातील वाद दोन पक्षांमधील वादांइतकेच हानिकारक ठरू शकतात, हे यूनिक्सच्या इतिहासावरून दिसते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची बीएसडी आणि एटी अँड टीची ‘सिस्टिम फाइव्ह’ अशा तिच्या दोन शाखा झाल्या. सन, एचपी, आयबीएम, डेक इ. उत्पादकांनी आपापल्या यंत्रांसाठी वेगवेगळी रूपे काढली. १९८७ मध्ये एटी अँड टी व सन यांनी सहकार्य जाहीर केले, तेव्हा इतरांनी १९८८ मध्ये ‘ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशन’ ही संस्था काढली, आणि तिला उत्तर म्हणून ‘यूनिक्स इंटरनॅशनल’ ही प्रतिसंस्था उभी राहिली. कोणत्याही यंत्रावर जाणारी म्हणून जिची ख्याती, त्या प्रणालीच्या आज्ञावल्या एका उत्पादकाकडून दुसऱ्याकडे नेणे कष्टाचे झाले. १९८८ च्या पॉसिक्स या मानकाने सेवा मागण्याच्या पद्धतीत काही एकवाक्यता आणली. उभय संस्था १९९४ मध्ये एकत्र आल्या. तत्पूर्वी जुलै १९९३ मध्ये विंडोज एनटी बाजारात आली होती.

टॅनेनबाउम–टॉरव्हाल्ड्स वाद : परिचालन प्रणालींविषयीच्या सर्व वादांत हा सर्वांत बोधप्रद मानावा लागेल. याचे कारण असे, की त्यात दोन्ही बाजूंना विक्रीचा नव्हे, तर रचनेचा विचार प्रधान होता. ॲम्स्टरडॅमच्या व्ह्रिये विद्यापीठातील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी १९८७ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकासोबत मिनिक्स ही लहानशी यूनिक्ससदृश प्रणाली प्रसिद्ध केली होती. विद्यार्थ्याला ती संपूर्ण वाचून समजावी, म्हणून तिच्यात भर घालण्याच्या मागण्या ते बहुधा नाकारीत. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी इंटेल ३८६ प्रक्रियक असलेल्या आपल्या संगणकावर मिनिक्सच्या आधाराने नवा गाभा लिहिण्यास घेतला आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी मिनिक्सच्या चर्चागटात त्याची वार्ता दिली. हा केवळ छंद आहे आणि हा गाभा दुसऱ्या यंत्रावर नेण्याजोगा नाही, असे त्यांनी त्या वेळी स्वतःच म्हटले होते. हाच पुढे लिनक्स म्हणून प्रसिद्धीस आला.

२९ जानेवारी १९९२ रोजी टॅनेनबाउम यांनी त्याच गटात लिनक्स कालबाह्य असल्याचे प्रतिपादन केले. त्यांचे मुख्य आक्षेप दोन होते. पहिला आक्षेप रचनेविषयी होता. लिनक्सचा गाभा एकसंध होता, म्हणजे फायलींची व्यवस्था, स्मृतीची वाटणी, साधनांचे नियंत्रण ही सर्व कामे सर्वाधिकार असलेल्या एकाच आज्ञावलीत होती. टॅनेनबाउम यांच्या मते भविष्य सूक्ष्मगाभ्याचे होते. या रचनेत गाभा अगदी लहान ठेवून बाकीची कामे मर्यादित अधिकारांच्या वेगळ्या आज्ञावल्यांवर सोपवितात, म्हणजे एक भाग बिघडल्यास सर्व यंत्र बंद पडत नाही. १९९१ मध्ये एकसंध गाभा लिहिणे म्हणजे १९७० नंतरच्या दशकात परत जाणे होय, असे त्यांना वाटले. दुसरा आक्षेप यंत्राविषयी होता. ३८६ प्रक्रियकाच्या कुलाला भवितव्य नाही, तेव्हा त्याच्याशी प्रणाली घट्ट बांधणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पाच वर्षांनी सर्वजण स्पार्क प्रक्रियकाच्या यंत्रांवर ग्नू ही मुक्त प्रणाली वापरीत असतील, असे भाकितही त्यांनी केले.

टॉरव्हाल्ड्स यांचे उत्तर त्याच दिवशी आले आणि ते बरेच कडक होते. सूक्ष्मगाभा तत्त्वतः व सौंदर्यदृष्ट्या सरस आहे, हे त्यांनी मान्य केले. परंतु प्रत्यक्षातील मिनिक्समध्ये उणिवा आहेत आणि ती विकत घ्यावी लागते, तर लिनक्स विनामूल्य असून आज वापरता येते, हे त्यांनी दाखवून दिले. गाभा हलविता येण्यापेक्षा त्यावरील आज्ञावल्या हलविता येणे अधिक महत्त्वाचे, हा त्यांचा मुद्दा विशेष मार्मिक होता. लगोलग त्यांनी भाषेच्या कडकपणाबद्दल क्षमाही मागितली. जगभर विखुरलेल्या शेकडो मानी कारागिरांना एका दिशेने नेता येईल का, अशी शंका टॅनेनबाउम यांनी या चर्चेच्या ओघात व्यक्त केली.

तीन दशकांनंतर या वादाचा हिशेब मांडला असता कोणा एकाच्या पदरी जय टाकता येत नाही. इंटेलच्या प्रक्रियककुलाविषयीचे भाकीत साफ चुकले. यंत्राशी घट्ट बांधू नये हा सल्ला मात्र योग्य होता, आणि लिनक्सनेच तो पाळला. मार्च १९९५ मधील आवृत्तीत अल्फा, मिप्स व स्पार्क या प्रक्रियकांसाठी तरतूद झाली होती. मानी कारागिरांविषयीची शंका खोटी ठरली. त्यात १९९२ मध्ये स्वीकारलेल्या ‘ग्नू जनरल पब्लिक लायसन्स’ या परवान्याचा वाटा मोठा आहे. लिनक्सच्या कोणत्याही वितरित रूपाचा मूळ मजकूर इतरांस उपलब्ध केला पाहिजे, असे बंधन त्याने घातले. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पाचशे सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे लिनक्सवर चालत आली आहेत, आणि २००८ पासून विक्रीस आलेल्या अँड्रॉइड दूरध्वनींचा गाभाही तोच आहे. मिनिक्सचा परवाना सन २००० मध्ये मुक्त झाला. तोवर संधी निघून गेली होती. पण तिचे एक रूप इंटेलच्या संगणकांतील व्यवस्थापनासाठी असलेल्या अंतर्गत प्रक्रियकात बसविलेले आहे, असे २०१७ मध्ये उघडकीस आले. लिनक्सच्या यशाचा आधार असलेल्या इंटेलच्या यंत्रांतच मिनिक्स गुप्तपणे चालू होती.

रचनेविषयीचा मूळ प्रश्न मात्र सुटलेला नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा आज्ञावलीतील सदोष बदलामुळे विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक एकाएकी बंद पडले. जगभर विमानसेवा, रुग्णालये व बँका यांचे व्यवहार विस्कळित झाले. ही आज्ञावली गाभ्याच्या पूर्ण अधिकारांनिशी चालत होती, म्हणून तिच्या चुकीने सर्व यंत्र थांबले. बिघाड एका कप्प्यात कोंडता आला पाहिजे, हे १९९२ मध्ये अनेकांना पुस्तकी वाटलेले तत्त्व रुग्णालयाच्या दारापर्यंत कसे येऊन पोहोचते, याचे हे उदाहरण होय.

आज्ञासंचाचा वाद : यंत्रसामग्रीच्या बाजूला याच काळात आज्ञासंचाचा वाद चालू होता. डेव्हिड पॅटरसन व डेव्हिड डिट्झेल यांनी १९८० मध्ये एका निबंधात असे मांडले, की प्रक्रियकात अनेक जटिल आज्ञा भरण्यापेक्षा थोड्या, सोप्या व जलद आज्ञा ठेवणे हितकर असते. या पद्धतीला ‘रिस्क’ असे संक्षिप्त नाव मिळाले. त्यापूर्वी जॉन कॉक यांच्या नेतृत्वाखाली आयबीएममध्ये ८०१ या यंत्रावर असेच कार्य झाले होते. जटिल आज्ञांच्या व्हॅक्स संगणकांची निर्माती असलेल्या डेक कंपनीतील अभियंत्यांनी लगेच प्रतिवाद केला. पुढील दशकात मिप्स, स्पार्क इ. सोप्या आज्ञांचे प्रक्रियक वेगात पुढे गेले, आणि इंटेलची पद्धत लयास जाणार असा समज रूढ झाला. टॅनेनबाउम यांचे भाकीत याच समजावर आधारलेले होते.

घडले ते वेगळेच. इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रो प्रक्रियकात जुन्या जटिल आज्ञा बाहेरून तशाच स्वीकारून आत त्यांचे सोप्या सूक्ष्म क्रियांत विभाजन केले. त्यामुळे जुन्या आज्ञावल्या टिकल्या आणि वेगही साधला. इंटेल व एचपी यांनी २००१ मध्ये आणलेला इटॅनियम हा सर्वस्वी नव्या आज्ञासंचाचा प्रक्रियक मागे पडला, तर एएमडी कंपनीने २००३ मध्ये जुन्याच आज्ञासंचाला जोडलेली ६४ बिटांची पुरवणी सर्वत्र स्वीकारली गेली. तथापि जेथे जुन्या आज्ञावल्यांचा भार नव्हता, तेथे सोप्या आज्ञांचा पक्ष जिंकला. ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीत १९८५ मध्ये प्रथम तयार झालेला एआरएम प्रक्रियक कमी विजेवर चालतो, म्हणून तो फिरत्या दूरध्वनींत सार्वत्रिक झाला. ॲपलने १९९४, २००६ व २०२० अशा तीन वेळा आपल्या संगणकांचे प्रक्रियककुल बदलले. प्रत्येक वेळी जुन्या आज्ञावल्या चालविणारा अनुवादक सोबत दिल्यामुळेच ही स्थलांतरे ग्राहकांना सोसवली.

मक्तेदारी व सार्वजनिक निवड : अमेरिकेच्या शासनाने मे १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध मक्तेदारीविरोधी खटला भरला. नोव्हेंबर १९९९ मध्ये न्यायालयाने नोंदविलेल्या निष्कर्षांत एका दुष्टचक्राचे वर्णन आहे. आज्ञावल्या लिहिणारे सर्वांत रूढ प्रणालीसाठी लिहितात आणि ग्राहक सर्वाधिक आज्ञावल्या असलेली प्रणाली घेतात, म्हणून नव्या प्रणालीला प्रवेशच मिळत नाही. कंपनीचे विभाजन करण्याचा २००० मधील आदेश पुढील वर्षी अपिलात रद्द झाला, परंतु वादाचे स्वरूप या विवेचनाने स्पष्ट झाले. या चक्रातून बाहेर पडणे किती कठीण असते, हे म्यूनिक शहराच्या अनुभवावरून कळते. तेथील नगरपरिषदेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचे ठरविले आणि सुमारे दहा वर्षांत जवळजवळ पंधरा हजार संगणक बदलले. २०१७ मध्ये मात्र तिने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. भारतात केरळ राज्याने शाळांसाठी मुक्त प्रणाली स्वीकारून ती दीर्घकाळ चालविली, आणि केंद्र शासनाने २०१५ मध्ये शासकीय कामासाठी मुक्त आज्ञावल्यांना प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले.

देवनागरीचा प्रश्न : मराठी वाचकाला या वादांचा प्रत्यक्ष अनुभव लिपीच्या बाबतीत आला. सुरुवातीचे सूक्ष्मसंगणक रोमन अक्षरांपुरते घडविलेले होते. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने म्हणजे सी-डॅकने चालविले. या केंद्राचे जिस्ट कार्ड संगणकात बसविले, की डॉसवर देवनागरी व इतर भारतीय लिप्यांत काम करता येई. प्रणालीने जी सोय दिली नव्हती, ती अशा रीतीने यंत्रसामग्रीतून मिळविण्यात आली. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे इस्की हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले.

परंतु विंडोजचा प्रसार होताच डॉससाठी केलेली ही व्यवस्था अपुरी पडली. मुद्रण व्यवसायात निरनिराळ्या कंपन्यांचे मराठी टंक आले आणि प्रत्येकाचा अक्षरसंकेत वेगळा होता. एका टंकात जुळविलेला ग्रंथ दुसऱ्या टंकात उघडला असता अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक मानकात देवनागरीचा समावेश होता आणि त्यातील मांडणी इस्कीवर आधारलेली होती. पण परिचालन प्रणालीने त्याचा अंगीकार केल्याशिवाय त्याचा उपयोग नव्हता. विंडोज २००० पासून व पुढे लिनक्स आणि मॅकिंटॉशवर ही सोय आल्यानंतर मराठी मजकूर यंत्राच्या व प्रणालीच्या बंधनातून मोकळा झाला. मधल्या काळात खाजगी संकेतांत जुळविलेले लेखन मात्र रूपांतर केल्याशिवाय शोधता अथवा वाचता येत नाही. या काळात वादंग बहुधा यंत्रांच्या वेगाविषयी व प्रणालींच्या सोयींविषयी झाले. नुकसान झाले ते अक्षरसंकेताच्या ज्या प्रश्नाकडे थोड्यांचेच लक्ष होते, त्यामुळे.

समालोचन : या इतिहासात काही गोष्टी पुनःपुन्हा आढळतात. तज्ज्ञांची रचनाविषयक मते पुष्कळदा बरोबर ठरली, पण कोणते यंत्र टिकेल याविषयीची त्यांची भाकिते वारंवार चुकली. हरलेल्या पक्षाच्या कल्पना जिंकलेल्या पक्षाने आत्मसात केल्या, म्हणून पराभव सहसा संपूर्ण नव्हता. जुन्या आज्ञावल्यांना जागा देणारी प्रणाली अधिक सुबक प्रतिस्पर्ध्यापेक्षा दीर्घायुषी ठरली. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र कोणती प्रणाली श्रेष्ठ, हा प्रश्न दुय्यम आहे. आज या प्रणालीत ठेवलेले लेखन, हिशेब व नोंदी उद्या दुसरीत नेता येतील का, आणि त्यांची मांडणी सर्वांना उपलब्ध असलेल्या मानकानुसार आहे का, हे त्याने प्रथम पाहावयास हवे. प्रस्तुत वादांत अमुक यंत्राचा अथवा प्रणालीचा कैवार घेणारे बहुतेक पक्ष काळाच्या ओघात निरर्थक झाले. यूनिक्समधून निघालेले पॉसिक्स, आणि इस्कीचा वारसा घेणारे युनिकोड यांसारखी सामाईक मानके मात्र टिकली, आणि ज्यांनी त्यांचा आश्रय केला, त्यांचे काम यंत्रे बदलूनही शिल्लक राहिले.